राखणदार नळी आणि ओलं मीठ

आमच्या प्रयोगशाळेच्या पाटीवर ‘डीएनए तपासणी’ हे शब्द मोठ्या अक्षरांत आहेत आणि खाली ‘कोळंबी, मासे व कालवं’ हे बारीक अक्षरांत. पाटी रंगवणाऱ्याला दोष देता येत नाही, जागा तेवढीच होती. पण बारीक अक्षरं कुणी वाचत नाही, आणि त्याचा ताप मी इतकी वर्षं सोसते आहे.

एक गृहस्थ आले, दार लोटून घेतलं आणि खिशातून पाकीट काढलं. पाकिटात केस. कुणाचे ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मी म्हटलं, इथे फक्त कोळंबी-माशांचं बघतात. त्यांनी पाकीट परत खिशात घातलं आणि जाताना ते म्हणाले, “कोळंबीचा कळता आणि माणसाचा कळत नाय, ह्यो कसलो शोध!”

दुसरे एक जण कुडाळच्या बाजारातून थेट जिना चढून आले. पाय बांधलेला कोंबडा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

“बाय, ह्यो गावठी म्हणान घेतलंय. माका संशय आसा. डीएनए करून सांग.”

“आमी कोंब्याचा करत नाय, काका.”

“मगे पाटी कित्या लावलास?”

मी कोंबडा उचलून त्यांच्या हातात दिला. कोंबड्याने मात्र जाता जाता आपला नमुना टेबलावर ठेवला.

तर आम्ही काय करतो ते सरळ सांगते. आमच्या किनाऱ्यावर खाडीकाठी कोळंबीची तळी आहेत. कोळंबीला एक विषाणूचा रोग होतो. कवचावर पांढरे ठिपके दिसतात, आणि ते दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. अख्ख्या तळ्यातली कोळंबी मरते. म्हणून बी तळ्यात सोडण्याआधी तपासायचं. बी म्हणजे कोळंबीची पिल्लं, पापणीच्या केसाएवढी. त्यातली थोडी आमच्याकडे येतात. ती आम्ही वाटतो, विरघळवतो, त्यातून डीएनए वेगळा काढतो आणि यंत्रात घालतो. विषाणूचा डीएनए त्यात असेल तर यंत्र त्याच्या नकला काढून काढून तो दिसण्याइतका वाढवतं. शेवटी एका पट्टीवर रेघ उमटते किंवा उमटत नाही. रेघ म्हणजे रोग.

माझं काम डीएनए वेगळा काढण्याचं. मी बी.एस्सी. होऊन वालावलीला लग्न करून आले. पुढे मुलं शाळेत जायला लागल्यावर इथे लागले आणि अजून आहे. प्रयोगशाळा मॅडमची आहे. त्यांनी डॉक्टरेट केली आहे, यंत्र त्या चालवतात, अहवालावर आम्हा दोघींच्या सह्या लागतात; त्या नसल्या तर तात्पुरता कागद माझ्या एकटीच्या सहीवर जातो. लोकांना यंत्र मोठं वाटतं. मला विचाराल तर खरा खेळ त्याआधी, मीठ आणि पॉलिमर यांच्यात होतो. तो समजल्याशिवाय पुढची हकीकत समजायची नाही, म्हणून आधी तो सांगते.

डीएनए हा एक लांबलचक, फार बारीक दोरा आहे. पाण्यात तो विरघळून सगळीकडे पसरलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला तर तो एका जागी गोळा करून बाहेर काढायचा असतो. अडचण अशी की या दोऱ्यावर टोकापासून टोकापर्यंत सारखाच, ऋण विद्युत भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात. त्यामुळे दोरा स्वतःच्याच अंगाला अंग लावू देत नाही.

यावर इलाज दोन गोष्टींचा. पहिली मीठ, आपलं खायचंच, फक्त शुद्ध केलेलं. पाण्यात पडल्यावर मिठातले धन भाराचे सोडियमचे कण सुटे होतात, ते दोऱ्याभोवती दाटून बसतात आणि ढकलाढकली बरीच निवते. दुसरी गोष्ट पॉलिमर. दिसायला साबणाच्या किसासारखे पांढरे पापुद्रे. मलमांत आणि औषधाच्या गोळ्यांत वापरतात तोच पदार्थ. हा डीएनएला चिकटत नाही, त्याच्याशी काही देणंघेणं ठेवत नाही. तो फक्त पाण्यात जागा अडवतो. जागा इतकी अडते की पसरून राहणं दोऱ्याला परवडत नाही, तो आवळून आवळून घट्ट गुंडाळी होतो. मग नळी जोरात फिरवली की या गुंडाळ्या तळाला बसतात. पांढरा ठिपका दिसतो, मोहरीएवढा किंवा त्याहून लहान.

मॅडमनी हे पहिल्यांदा फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा मला समजलं. पटलं ते घरी गेल्यावर.

वालावलीत आमच्या सगळ्या भावकीचा गणपती एकाच घरात येतो. माझ्या नवऱ्याचे दोन चुलते, आबा आणि नाना, एका माडावरून एकमेकांशी बोलत नाहीत. माड पडून गेला, अबोला उभा आहे. या दोघांची एक बहीण, आमच्या आत्या. त्या मध्ये बसल्या की एकाचा पानाचा डबा दुसऱ्याकडे जातो आणि दुसऱ्याचं वर्तमानपत्र पहिल्याकडे येतं. एका वर्षी आत्यांचा गुडघा दुखावला, त्या आल्या नाहीत. मुंबईची सगळी मंडळी आलेली, घरात पाय ठेवायला जागा नाही, तरी आबा पडवीच्या टोकाला आणि नाना अंगणातल्या खळ्यात छत्री उघडून बसलेले. भर पावसात. दुसऱ्या एका वर्षी आत्या आल्या, पण घाटात दरड कोसळून मुंबईच्या गाड्या अडकल्या. घर मोकळं. मग दोघांनी आपापली खोली धरली. जवळ यायचं कारणच नव्हतं. ज्या वर्षी घर भरलेलं असतं आणि आत्याही मध्ये असतात, त्या वर्षी आबा आणि नाना एकाच सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून आरतीला टाळ वाजवतात.

मुंबईकर म्हणजे पॉलिमर, आत्या म्हणजे मीठ. एकट्याने भागत नाही, दोन्ही लागतात. आणि पाहुणे गेले, आत्या गेल्या की दोघे पुन्हा आपापल्या कोपऱ्यात. डीएनएचंही तसंच आहे. धुऊन साध्या पाण्यात सोडला की गुंडाळी उलगडते, त्याचं काही बिघडलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट. हे गोळा होणं हळूहळू होत नाही. एका मर्यादेच्या खाली दोरा पसरलेला, मर्यादा ओलांडली की गुंडाळी. मीठ थोडं कमी पडलं तर डीएनए थोडा कमी गोळा होईल असं वाटतं. तसं नाही, तो मुळीच गोळा होत नाही. अर्धी आत्या असा प्रकार नसतो. आमच्या पद्धतीत तर प्रमाण मुद्दाम या मर्यादेला टेकून ठेवलेलं आहे, कारण फार वर गेलं की डीएनएबरोबर कोळंबीचा रंग आणि बाकीचा गाळही खाली येतो आणि यंत्राला तो चालत नाही. शंभर मिलीलीटर द्रावणाला वीस ग्रॅम पॉलिमर आणि चौदा पूर्णांक सहा ग्रॅम मीठ. हे आकडे मला माझ्या मुलांच्या जन्मतारखांइतके पाठ आहेत.

शेवटची ओळख राखणदाराची. प्रत्येक खेपेला शेतकऱ्याच्या नमुन्यांबरोबर मी आणखी एक नळी लावते. तिच्यात रोग आहे हे आम्हाला आधीपासून माहीत असतं. जुन्या रोगट कोळंबीचा जपून ठेवलेला नमुना तो. पुस्तकात तिला कंट्रोल म्हणतात, आमच्याकडे राखणदार. सगळ्या कृती तिच्यावरही तशाच करायच्या, आणि शेवटी तिच्यात रेघ उमटलीच पाहिजे. आपण स्वतः उभा केलेला चोर ज्या राखणदाराला दिसला नाही, त्याने बाकी गावात चोर नाही म्हणून सांगितलं तर त्याला काय अर्थ?

आता हसनचाचा. आचऱ्याच्या खाडीकाठी त्यांची कोळंबीची तळी आहेत. वय साठीच्या पुढे, अंगाने सडपातळ, आवाज मात्र होडीवरून किनाऱ्याला हाक मारणाऱ्याचा. आधीच्या हंगामात रोग आल्याने त्यांचं एक तळं रिकामं करावं लागलं होतं. त्यामुळे कुणी सांगायच्या आधीच ते नमुना घेऊन येत.

त्या वर्षी ते आले ते चतुर्थीच्या तोंडावर. पाऊस धो धो, वीज येऊन जाऊन. एसी बंद, खोलीत कपडे वाळत घातल्यासारखा वास. चाचांनी नमुन्याची बाटली टेबलावर ठेवली.

“बाय, बी टाकीत आसा. दाटी झाली हा. हवेचो पंप जनरेटरवर चालवतंय. लवकर बघ आणि सांग, म्हणजे तळ्यात सोडतंय.”

नवीन बी आधी ताडपत्रीच्या छोट्या टाकीत ठेवतात, तपासणी होईपर्यंत. तिथे ते फार काळ ठेवता येत नाही. वाढत्या पिल्लांना जागा पुरत नाही, हवा पुरत नाही, ती एकमेकांना खातात आणि मरतात. चाचांची घाई खोटी नव्हती.

द्रावण संपत आलं होतं म्हणून मी सकाळीच नवीन केलं होतं. बाकी सगळं रोजच्यासारखं. पण नळ्या फिरवून बाहेर काढल्या तेव्हा राखणदाराच्या तळाला ठिपका दिसला नाही. कधीकधी ठिपका इतका पातळ असतो की दिसत नाही, म्हणून मी पुढचं काम थांबवलं नाही. मॅडम त्या दिवशी सासरी देवगडला, टॉवर बंद, फोन लागत नव्हता. यंत्र मलाही चालवता येतं. इन्व्हर्टरवर ते चालवलं. दुपारी पट्टी बघितली. चाचांच्या नमुन्यांत रेघ नाही. राखणदारातही रेघ नाही. पट्टी कोरी.

चाचा माझ्या खांद्यावरून बघत होते.

“काय इला?”

“काय नाय इला.”

“म्हणजे रोग नाय! मगे दी कागद.”

“चाचा, राखणदारपण गप आसा.”

“तो कोण?”

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आवाज चढवला. “म्हणजे झोप लागली तुझ्या राखणदाराक, आणि मरतली माझी कोळंबी!”

“झोप कित्या लागली ता बघतंय. तवसर कागद देवचंय नाय.”

“तू कचेरीत व्हयी होतंस गो. बढती मिळाली असती.”

ते खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

“रोग नाय हा म्हणान तुझाच यंत्र सांगता. कागद नसलो तरी मी आज बी सोडतलंय. तळा माझा, कोळंबी माझी.”

“पाणी खाडीचा आसा, चाचा.”

हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या तळ्याचं पाणी जिथे खाडीत सुटतं, त्याच्या खालच्या अंगाला आणखी तळी आहेत, आणि ती सगळी तेच पाणी आत घेतात. रोग गेला असता तो एकट्याच्या तळ्यात राहिला नसता. चाचा स्टुलावर बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

“संध्याकाळपर्यंत थांबतंय,” ते म्हणाले. “पण तू काय तरी कर. नुसती बघत बसा नको.”

मी करायला लागले. अशा वेळी एकेक संशयित घ्यायचा आणि सोडायचा. राखणदाराचा नमुना खराब झाला असेल? आदल्या आठवड्यात त्याच बाटलीतला नमुना चांगला चालला होता. नळ्या फिरवणारं यंत्र? वेग बरोबर होता. बर्फ? भरपूर होता. नवीन फक्त एकच, सकाळी केलेलं द्रावण. त्याचे आकडे मी लिहून ठेवले होते, ते बघितले: वीस ग्रॅम आणि चौदा पूर्णांक सहा ग्रॅम. आमचा तराजू ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत बघतो. आकडे बरोबर होते. म्हणून मी द्रावणावरचा संशय काढून टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अख्खी फेरी वाया.

मग चाचांसाठी चहा ठेवायला उठले. साखरेचा डबा उघडला तर साखर ओलसर, चमच्याला चिकटलेली. चमचा तसाच हातात धरून मी परत आत आले आणि मिठाची बाटली तिरकी केली. मीठ घरंगळलं नाही. ढेकूळ होऊन एका बाजूला चिकटून राहिलं आणि काचेच्या कडेने पाण्याची एक बारीक धार खाली आली.

श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. घरी मी पावसाळ्यात मीठ चमच्याने कधीच मोजत नाही. चिमूट जरा मोठी घेते आणि चाखून बघते. प्रयोगशाळेत चाखायचं नसतं. तिथे तराजू असतो. तराजूने मला चौदा पूर्णांक सहा ग्रॅम चोख सांगितले होते. त्यातलं पाणी किती आणि मीठ किती, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पॉलिमरचे पापुद्रेही हाताला दमट लागत होते. म्हणजे गर्दीही कमी आणि आत्याही पुरत्या आलेल्या नाहीत. दोरा गोळा झालाच नव्हता. तो वरच्या पाण्यात पसरून राहिला आणि ते पाणी मी नेहमीप्रमाणे ओतून टाकलं. राखणदाराचा डीएनए मोरीत गेला होता, आणि त्याच्याबरोबर चाचांच्या कोळंबीचाही.

पण हा अंदाज झाला. सुकवायची भट्टी विजेवरची, आणि वीज नाही. मी दहा ग्रॅम मीठ चिनी मातीच्या वाटीत घेऊन चहाच्या गॅसवर ठेवलं. मीठ तडतडायला लागलं. चाचा बघायला आले.

“ह्या काय? फोडणी?”

“मीठ सुकवतंय.”

“आमची अम्मा तव्यार भाजायची पावसात,” ते म्हणाले, आणि माझ्या हातातली काचेची कांडी घेऊन स्वतःच ढवळायला लागले. “तू दुसरा काय ता कर. ह्या माका जमता.”

तडतड थांबल्यावर वाटी झाकून थंड केली, वजन केलं, पुन्हा तापवली, पुन्हा वजन केलं. लागोपाठ दोनदा एकच आकडा आला तेव्हा तो खरा मानला. दहा ग्रॅमचे साडेसात ग्रॅम राहिले होते. पाव हिस्सा पाणी.

आता खात्री करायची होती. कॉलेजच्या मुलांना दाखवायला आम्ही कोळंबीचा पुष्कळ डीएनए एका बाटलीत ठेवतो. तो एका काचेच्या नळीत घेतला, त्यात सकाळचं द्रावण घातलं. पाणी पाण्यासारखं, स्वच्छ. नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून त्यात सुकवलेलं मीठ चिमूट चिमूट सोडलं आणि हलवत राहिले. पहिल्या चिमटीला काही नाही. दुसऱ्या चिमटीला काही नाही. तिसरी विरघळता विरघळता नळीभर पांढरट धुकं उभं राहिलं, तांदळाच्या धुवणासारखं.

“दूध फाटला!” चाचा म्हणाले.

“फाटला नाय, चाचा. गोळा झाला. सकाळी ह्याच झाला नाय.”

त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली आणि बराच वेळ उजेडात धरून बघत राहिले. त्यांच्या रागाचं काय झालं ते मला माहीत नाही. पण कागद त्यांनी पुन्हा मागितला नाही.

मॅडम संध्याकाळी आल्या. रेनकोटातून पाणी निथळत होतं. समोर चाचा गॅसपाशी उभे राहून दुसरी वाटी ढवळत होते आणि मी तराजूला डोळे लावून बसलेली.

“सुषमाताई, आज जेवणाचा बेत आहे का इथे?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला, “राखणदार पहिल्यापासून गप होता ना?” मग पॉलिमरचं काय करायचं ते त्यांनीच बघितलं, कारण पॉलिमर गॅसवर धरला तर मेणासारखा वितळतो. कपाटाच्या मागच्या बाजूला न फोडलेलं एक पाकीट होतं, ते त्यांनी काढून दिलं. नवीन द्रावण झालं. नमुने उरलेले होते, ते पुन्हा वाटले. या वेळी राखणदाराच्या तळाला ठिपका बसला, मोहरीएवढा, पांढरा. चाचांच्या नमुन्यांतही ठिपके दिसले.

पण यंत्र पूर्ण चालेल इतका इन्व्हर्टर उरला नव्हता. मधेच वीज गेली असती तर उरलेला नमुनाही गेला असता. मॅडम म्हणाल्या, सकाळी. चाचांनी टोपी घातली.

“टाकीत सकाळपर्यंत किती उरतली ता अल्ला जाणे,” ते म्हणाले. ओरडून नाही. तेच जास्त लागलं.

मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी गणपतीवर फळापानांची माटवी बांधायची होती, नारळ सोलायचे होते, आत्या येऊन बसल्या होत्या. नवरा म्हणाला, तुझं लक्ष नाही. खरंच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. दुसरी पट्टी रोग आहे म्हणाली, तर चाचांना थांबवलं ते बरं झालं असं मला म्हणता येईल. ती पुन्हा कोरी आली, तर टाकीत मेलेलं प्रत्येक पिल्लू मी थांबवलं म्हणून मेलेलं असेल. मनातल्या मनात मी काय मागत होते ते माझ्या लक्षात आलं, आणि मी तो हिशोब तिथेच सोडला.

सकाळी वीज आली. मॅडमनी यंत्र चालवलं. पट्टी बाहेर आली तेव्हा राखणदाराची रेघ ठळक, विटीसारखी आडवी. चाचांच्या सगळ्या नमुन्यांत काही नाही. कोळंबीचा स्वतःचा डीएनए त्यांत होता, त्याचे ठिपके काल नळ्यांच्या तळाला दिसले होते, विषाणूचा नव्हता. बी स्वच्छ होतं.

चाचा दारातच उभे होते. रात्री झोपले नसावेत.

“काय इला?”

“रोग नाय, चाचा. सोडा बी.”

त्यांनी श्वास सोडला. मग हळूच म्हणाले, “म्हणजे कालचाच उत्तर.”

“कालचाच.”

“मगे टाकीत मेली ती कित्या मेली?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांनीच उत्तर द्यावं असं मला वाटत होतं, पण प्रश्न मला विचारलेला होता. मी रॅकमधून दोन नळ्या आणल्या. नवीन द्रावणाने राखणदाराचा ठिपका पुन्हा पाडून एका नळीत ठेवला होता. दुसऱ्या नळीत तोच नमुना आणि कालचं द्रावण. दोन्ही चाचांच्या हातात दिल्या. एकीच्या तळाला पांढरा ठिपका. दुसरी कोरी.

“ह्या दोनातल्या खंयच्यात रोग आसा?” मी विचारलं.

त्यांनी दोन्ही खिडकीकडे धरल्या. “ह्यात,” ठिपकेवाली पुढे करत ते म्हणाले.

“दोन्हींत आसा. मीच घातलंय.”

कोरी नळी त्यांनी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“म्हणजे काल तू आंधळी होतंस.”

“होय.”

“आणि आंधळी असान ‘काय दिसत नाय’ म्हणान कागद दिलो असतंस, तर मी घेतलो असतंय.”

“होय, चाचा.”

“बरा,” ते म्हणाले. कागद घेतला, घडी केली आणि जिना उतरून गेले. टाकीत किती मेली ते त्यांनी सांगितलं नाही. मी सगळ्या गोष्टींचे आकडे विचारणारी बाई आहे. भाजी घेतली तरी जुडीत काड्या किती ते बघते. पण हा आकडा मी त्यांना आजपर्यंत विचारलेला नाही.

तळं मात्र त्या वर्षी चांगलं पिकलं, खालच्या अंगाच्या तळ्यांचंही. नाताळच्या आधी कोळंबीची एक पिशवी आमच्या टेबलावर आली. मॅडमनी अर्धी घेतली, अर्धी मी वालावलीला नेली. सोलताना प्रत्येकीचं कवच मी उजेडात धरून बघत होते. सवय जात नाही.

प्रयोगशाळेत आता मिठाची बाटली झाकणाच्या काचेच्या भांड्यात असते, तळाला ओल शोषणारे निळे खडे घालून. खडे गुलाबी पडायला लागले की बदलायचे. पावसाळ्यात मीठ तोलण्याआधी सुकवायचंच, वजन लागोपाठ दोनदा सारखं आल्याशिवाय द्रावण करायचं नाही. नव्याने लागलेल्या मुलींना हे जाच वाटतं. मी त्यांना समजावत बसत नाही. डीएनएची बाटली काढते, ओल्या मिठाचं द्रावण घालते आणि सुकं मीठ त्यांच्याच हातात देते. धुकं उभं राहिलं की त्या आपसूक मीठ सुकवायला घेतात.

हसनचाचा अजून येतात. आवाज तसाच, घाई तशीच. जिन्यावरूनच हाक येते. यंदा श्रावणात आले तेव्हाही टाकीत दाटी होती आणि पंप जनरेटरवर होता. दुपारी मी त्यांच्यापुढे अहवाल ठेवला, दोन्ही सह्या केलेला. रोग नाही असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. एका बोटाने कागद माझ्याकडे परत सरकवला आणि हात पुढे केला.

“आधी राखणदार दाखय.”

ठिपका पाडून त्यांच्यासाठीच वेगळी ठेवलेली राखणदाराची नळी मी दिली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर चढवला आणि ढगाळ उजेडात ठिपका सापडेपर्यंत ती फिरवत राहिले. मग नळी परत दिली, कागदाची घडी करून खिशात ठेवली, आणि बी सोडायला निघून गेले.